पिग्मीची वही आणि पुराचं पाणी

पत्र, थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका मोठ्या गावातून हे पत्र आलंय. लिहिणाऱ्या ताई 43 वर्षांच्या, गावातल्या पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत, घरोघरी जाऊन गोळा करतात. 2019च्या महापुरात घरच्यांसोबत नऊ दिवस शाळेतल्या निवारा केंद्रात होत्या. 2021च्या जुलैत पाणी पुन्हा चढायला लागलं, तेव्हा ‘कोयनेचे सगळे दरवाजे पूर्ण उघडले, दोन तासांत गाव पाण्याखाली’ असा एक मेसेज त्यांनी गल्लीच्या ग्रुपवर पुढे पाठवला. मेसेज खोटा होता. तो वाचून घाईघाईनं जिना उतरताना शेजारचे एक आजोबा पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ताईंच्या मनात आहे, की पुढच्या पुराच्या वेळी आपण काहीतरी करायचं. गेल्या वर्षी त्यांनी ‘आपदा मित्र’ या स्वयंसेवक योजनेच्या प्रशिक्षणाची चौकशी केली, तर वयाची अट 18 ते 40. गावातल्या बचाव पथकाच्या पोरांना विचारलं, तर ती हसून म्हणाली, “काकू, तुम्ही चहाचं बघा.” यजमान म्हणतात, “ब्रह्मनाळ विसरलीस काय? होडीचं नाव काढायचं न्हाई.” ताई लिहितात, “मला पोहता येत नाही, मी नर्स नाही, अंगात कसलं कौशल्य नाही. सावित्रीबाईंनी प्लेगात पाठीवरून पोर नेलं आणि मी होडीत बसायच्याही लायकीची नाही. माझ्यासारखीनं काय करावं? की घरच्यांचं ऐकून गप्प बसावं?”

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात प्रश्न होडीचा वाटला. दुसऱ्या वाचनात लक्षात आलं, की होडीविषयी तुम्ही चार ओळी लिहिल्यात आणि जिन्यावरून पडलेल्या आजोबांविषयी दीड पान. त्यांच्याकडे मी शेवटी येते. आधी होडीचं उरकून घेऊ, ते लवकर उरकतं.

यजमान ब्रह्मनाळचं नाव काढतात ते तुम्हाला अडवायला, असं तुम्हाला वाटतं. थोडं तसं असेलही. बाईनं उंबऱ्याबाहेर काही करायचं म्हटलं, की आपल्याकडच्या पुरुषांना जगातले सगळे धोके एकदम आठवतात. पण ब्रह्मनाळ हे निमित्त म्हणून वापरायला फार जड नाव आहे. 8 ऑगस्ट 2019ला पलूस तालुक्यातल्या त्या गावातून माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि एकाच गावातली डझनाहून जास्त माणसं गेली. बायका होत्या, कडेवरची मुलं होती. नावेत झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं बसली होती. नाव घेऊन निघालेल्यांच्या मनात चांगलंच होतं. कृष्णाकाठच्या माणसानं हे नाव घेतलं, की मी वाद घालत नाही.

पुराचं पाणी वरून नुसतं गढूळ आणि सपाट दिसतं. त्याच्याखाली कुंपणाची तार असते, विहिरीचा कठडा असतो, आणि एरवी डोक्यावर असणाऱ्या विजेच्या तारा हाताशी येतात. एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, जवानांनाही यासाठी रीतसर शिकावं लागतं. आपल्या भागासाठीची त्यांची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे, आणि पावसाळ्यात तिच्या तुकड्या आधीच पूरप्रवण जिल्ह्यांत आणून ठेवतात. पोहता न येणारं एक माणूस होडीत चढलं, की अडकलेल्या एका माणसाची जागा गेली. म्हणून होडीपुरतं यजमानांचं ऐका. ते बरोबर आहेत, आणि तसं त्यांना सांगूनही टाका. एका मुद्द्यावर मान्य केलं, की बाकीच्या तीन मुद्द्यांवर बोलणं सोपं जातं, हा माझा संसारातला अनुभव.

‘आपदा मित्र’चं म्हणाल, तर वयाच्या अटीत तुमचा अपमान नाही. ही केंद्राची योजना. 2016 मध्ये देशातल्या 30 पूरप्रवण जिल्ह्यांत छोट्या प्रमाणावर सुरू झाली, पुढे 350 जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचे ठरले. बारा दिवसांचं प्रशिक्षण असतं. दोर, तराफे, शोध आणि बचाव, प्रथमोपचार, सगळं अंगमेहनतीचं. हे वाचणाऱ्यांपैकी जे चाळिशीच्या आत आहेत, निदान सातवी शिकलेत आणि धडधाकट आहेत, त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन पुढची तुकडी कधी निघणार ते जरूर विचारावं. ताई, तुमच्या घरात कॉलेजात जाणारी भाची-पुतणी असेल तर तिला पाठवा.

आणि त्या पोरांनी चहाचं बघायला सांगितलं, त्यावर एवढं मनाला लावून घेऊ नका. त्यांनी चिडवलं असेल, पण निवारा केंद्रात चहा म्हणजे उकळलेलं पाणी. तीनशे माणसं एका शाळेत, दोन संडास, टाकीचं पाणी कुठून आलंय ते कुणाला ठाऊक नाही. अशा जागी जी बाई पिण्याचं पाणी कोणत्या पिंपातलं आणि हात धुण्याचं कोणत्या, हे ठरवून देते आणि मोडू देत नाही, ती जुलाबाची साथ अडवत असते.

आता सावित्रीबाई. उदाहरण तुम्ही दिलंत म्हणून बोलते. पाठीवर मूल घेऊन झपाझप चालणाऱ्या सावित्रीबाई आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहेत. मुंढव्याहून प्लेग झालेलं ते पोर त्यांनी उचलून आणलं. आणलं कुठे? हडपसरजवळ ससाणे मळ्यात त्यांच्या मुलानं, डॉ. यशवंतांनी, प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना थाटला होता, तिथे. म्हणजे मूल उचलण्याआधी जागा बघितली होती, खाटा घातल्या होत्या, औषधं आणली होती, आणि कोणत्या वस्तीत कोण आजारी आहे याची खबर त्यांच्यापर्यंत पोचत होती. चित्रकार खाटा मांडतानाचं चित्र काढत नाहीत, एवढंच. आणि दुसरी बाजूही आहे. त्याच संसर्गानं 10 मार्च 1897ला सावित्रीबाई गेल्या. तुमचे यजमान इतिहास काढून बसले, तर तेही याच गोष्टीतून बोलू शकतात.

तुमच्या पत्रातलं जे वाक्य मला खरंच खटकलं, ते म्हणजे ‘अंगात कसलं कौशल्य नाही’.

मी आरोग्य खात्यात आरोग्य सहायिका म्हणून नोकरी केली. 2005च्या पुरात आमच्या पथकाला एका गावात पाठवलं होतं. आमच्याकडे गाडी होती, औषधांच्या पेट्या होत्या, घरांची यादी होती. एका वाड्यापुढे यादीत ‘स्थलांतरित, घर बंद’ असा शेरा. आम्ही पुढे निघालो, तर डेअरीचं दूध गोळा करणारा एक पोरगा सायकल आडवी घालून उभा राहिला. “बाई, घर बंद हाय खरं, पण मागच्या सोप्यात म्हातारी हाय. तिला उठाय येत न्हाई.” मुलगा-सून पुण्याला, म्हातारीचं बघणारी शेजारीण तिच्या माहेरी निघून गेलेली, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्यानं नेली असेल. मागच्या दारानं आत गेलो. म्हातारी बाजेवर होती. उशाशी तांब्या, रिकामा. त्या पोराला नाडी बघता येत नव्हती आणि पोहताही येत नव्हतं. त्याला रोज सकाळी कोणत्या घरात किती भांडी बाहेर येतात, एवढंच ठाऊक होतं.

आता मला सांगा, तुम्ही रोज किती घरांच्या पायऱ्या चढता? पिग्मीवाल्या बाईला काय माहीत नसतं? कुणाचा मुलगा दुबईला आहे, कुणाच्या घरी सासरे अंथरुणाला खिळलेत, कोण डायलिसिसला आठवड्यातून दोनदा मिरजेला जातं, कोणाची मुलगी बाळंतपणाला आलीय, कोणत्या घराला दुपारी कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे असते. शासनाला ही माहिती गोळा करायला सर्वेक्षण काढावं लागतं आणि ते वर्षभरात शिळं होतं. तुमचं सर्वेक्षण रोज संध्याकाळी होतं आणि लोक वर चहा देतात.

तर माझं सांगणं एवढंच आहे: पुराचं काम तुम्ही जुलैत शोधताय, ते फेब्रुवारीत आहे. आत्ता.

एक वही घ्या. पिग्मीची नव्हे, वेगळी. आणि अख्खं गाव नको, तुमची गल्ली आणि तिला लागून असलेली, चाळीस घरं फार झाली. तुमच्या भागात सगळा हिशेब ‘आयर्विनला किती फूट?’ या प्रश्नावर चालतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. 2019ला पाणी 57च्या वर गेलं, 2021ला 55च्या घरात. पण आकडा प्रत्येक घराला वेगळा लागू होतो. कुणाच्या परड्यात 42ला पाणी येतं, कुणाच्या उंबऱ्याला 50 झाल्याशिवाय लागत नाही. वहीच्या पहिल्या रकान्यात हेच लिहा: या घरात पाणी कितीला येतं आणि रस्ता कितीला बंद होतो. रस्ता नेहमी घराच्या आधी जातो, आणि लोक घराकडे बघत बसतात. जुन्या माणसांना विचारलंत तर भिंतीवरच्या खुणा दाखवतील.

दुसरं, घरातलं कोण स्वतःच्या पायानं बाहेर पडू शकणार नाही. तिसरं, कुणाला रोज काय लागतं. रक्तदाबाची गोळी, इन्सुलिन, ऑक्सिजन, डायलिसिस. चौथं, कोणाचे दिवस कोणत्या महिन्यात भरतात. पाचवं, जनावरं किती. हे पाचवं शहरातले लोक हमखास विसरतात. मग ‘सांगूनसुद्धा लोक घर सोडत नाहीत’ म्हणून वैतागतात. दारात दोन म्हशी बांधलेल्या असताना कोण घर सोडेल? आधी म्हशी कुठे जाणार ते ठरलं, तर माणसं आपोआप निघतात. आणि प्रत्येक घरापुढे एक शेवटची गोष्ट: उंचावरचा कोणता पाहुणा त्यांना ठेवून घेईल, त्याचा फोन नंबर.

इथे तीन गोष्टींवर मी जरा कडक बोलणार आहे.

एक, विचारल्याशिवाय लिहायचं नाही. आणि आजाराचं नाव लिहायचं नाही. ‘रोज औषध लागतं, फ्रीजमध्ये ठेवावं लागतं’ एवढं पुरे. गावात क्षयाचं किंवा एचआयव्हीचं नाव फुटलं, तर त्या घरातल्या मुलीचं लग्न मोडतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. वही कपाटात. तिचा फोटो कोणत्याही ग्रुपवर नाही, सरपंचांनी मागितला तरी नाही.

दोन, पतसंस्थेच्या साहेबांना आधी सांगा. पिग्मी गोळा करताना ही चौकशी करू नका, रविवारी वेगळ्या जा. नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल, बाई कर्जदारांची माहिती काढतेय.

तीन, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं: आशाताईंना वगळून काही करू नका. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, तिला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला, आणि गावातलं प्रत्येक सर्वेक्षण तिच्याच गळ्यात. गरोदर बायकांची यादी तिच्याकडे असतेच, ती पुन्हा करण्यात अर्थ नाही. तिच्याकडे जाऊन ‘मी एक यादी केलीय’ म्हणालात, तर तिला वाटेल आणखी एक साहेब आला. ‘तुझ्या यादीतलं कोणतं काम तुला उरकत नाही?’ असं विचारा. मी नोकरीत असताना हौशी माणसं पुष्कळ आली. पण हा प्रश्न विचारणारी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बहुतेकांना स्वतःचं काहीतरी सुरू करायचं असतं. एका पुरात तर दुरून आलेल्या मंडळींनी औषधांची पोती आणून टाकली. अर्ध्या पट्ट्या कापलेल्या, नावं फाटलेली, काहींची मुदत संपत आलेली. त्यातलं काय देता येईल हे निवडण्यात आमच्या दोन रात्री गेल्या, आणि बाहेर रांग उभी होती. पुण्या-मुंबईहून मदत पाठवू बघणाऱ्या वाचकांनी हे वाचलं तर बरं: आधी फोन करा, काय हवं ते विचारा. जुन्या साड्या कुणालाच नको असतात. सॅनिटरी पॅड, नवे आतले कपडे, बॅटऱ्या, खराटे आणि फावडी मात्र नेहमी कमी पडतात.

खराट्यावरून आठवलं. पूर ओसरला, की टीव्हीवाले जातात, आणि आरोग्याचं खरं काम तिथून सुरू होतं. ताई, इथे तुमच्यासारखीचा सर्वांत जास्त उपयोग आहे, आणि इथे वयाची अट नाही.

विहीर आणि टाकी शुद्ध केल्याशिवाय पाणी प्यायचं नाही. तुमच्या ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असेल, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडर टाकण्याचं काम त्याचं. नेहमीचा हिशेब हजार लिटरला 5 ग्रॅम. पण पुरानंतरच्या गढूळ पाण्याला तेवढं पुरत नाही, आणि उघडं पोतं ओलीला पडलं असेल तर पावडरीचा जोर गेलेला असतो. म्हणून पावडर टाकली यावर विश्वास ठेवायचा नाही, क्लोरीन उरलं का ते बघायचं. त्यासाठी ओटी टेस्ट असते. परीक्षानळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन आहे. उपकेंद्रातल्या आरोग्यसेवकाकडून दहा मिनिटांत शिकून होते. गल्लीच्या शेवटच्या नळावर करायची, पहिल्या नव्हे. शेवटच्या नळाचं पाणी पिवळं झालं नाही, तर कुणाला फोन करायचा तो नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, आणि फोन करा. पाण्याबाबत भिडस्तपणा नको.

चिखल काढणाऱ्यांना ताप येतो तेव्हा ‘भिजला असेल’ म्हणून घरी ठेवतात. पाण्यात वावरलेल्या माणसाला आठ-पंधरा दिवसांत ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं असं काही झालं, तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. उंदरांच्या, जनावरांच्या मुतातून पाण्यात येतो, पायावरच्या लहानशा जखमेतून शरीरात शिरतो. 26 जुलै 2005च्या पावसानंतर मुंबईनं तो चांगलाच अनुभवला. लवकर उपचार झाले तर बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंडं आणि यकृत धरतो. पाण्यात उतरावं लागलेल्यांना आरोग्य खातं डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतं. त्या गरोदर बायकांना आणि लहान मुलांना चालत नाहीत. म्हणून गोळ्या डॉक्टर सांगतील त्यांनाच. तुम्ही फक्त कोण पाण्यात उतरलं होतं आणि कोणाला ताप आहे ते सांगायचं. गमबूट नसतील तर जखमेवर पट्टी बांधून वर प्लास्टिकची पिशवी, हे तात्पुरतं चालतं. पुढे दोन-तीन आठवड्यांनी डास. टायर, करवंट्या, गच्चीवरची भांडी. आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे साठलेलं सगळं पाणी ओतून भांडी कोरडी करायची, पाळायला लावणं म्हणजे चाळीस बायकांशी गोड बोलून भांडणं, आणि हे काम पिग्मीची थकबाकी वसूल करणाऱ्या बाईला मी काय शिकवणार!

सापांचंही लक्षात ठेवा. पाणी चढलं की तेही घर शोधतात. चावला तर घट्ट बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. माणसाला चालवायचं नाही, हातपाय न हलवता झोपवून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायचं. तुमच्या जवळचं तसं रुग्णालय कोणतं, आणि 45 फुटांना तिथला रस्ता बंद झाला तर दुसरं कोणतं, हेही फेब्रुवारीतच विचारून ठेवा. 108ला फोन केलात तर आधी गाव आणि खूण सांगा, मग काय झालंय ते, आणि तिकडून सांगेपर्यंत फोन ठेवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विनंती केलीत, तर बचत गटाच्या बैठकीत येऊन छातीवर दाब कसा द्यायचा हे तासाभरात शिकवतील. मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल. दोन मिनिटांत घाम फुटतो. आलटून पालटून करायला चार बायका तयार असलेल्या बऱ्या.

हे सगळं एकटीनं करू नका. 1 मेच्या ग्रामसभेत वही न दाखवता नुसते आकडे सांगा: आमच्या दोन गल्ल्यांत अंथरुणावरची माणसं इतकी, जून ते सप्टेंबरमध्ये बाळंत होणाऱ्या इतक्या, जनावरं इतकी. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असतेच, कागदावर तरी. तिच्या बैठकीला बसायची परवानगी मागा. दिवस भरत आलेल्या बायकांना पाणी यायच्या आधी हलवायचं असतं, आणि त्यासाठी कुणीतरी आठ दिवस आधी दार वाजवावं लागतं. ते दार तुमच्या ओळखीचं आहे.

यजमानांना यात कसं घ्यायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. ते साखर कारखान्यावर आहेत असं तुम्ही लिहिलंय. ट्रॅक्टर-ट्रॉलीवाले त्यांना ठाऊक नसतील तर कुणाला? पाणी यायच्या आधी माणसं आणि गाद्या ट्रॉलीतून निघाल्या, तर होडीची पाळीच येत नाही. त्यांना सांगा, ‘होडीत बसणार नाही, शब्द देते. तुम्ही मला चार ट्रॅक्टरवाल्यांचे नंबर द्या आणि त्यांच्याशी आधी बोलून ठेवा.’ आणि त्यांच्या अटी विचारा. रात्री एकटीनं जायचं नाही म्हणाले तर मान्य करा, ती अट मी पुरुषालाही घातली असती. घरातलं कुणी आजारी असेल तर त्या दिवशी वही शेजारणीकडे. अशी शेजारीण आधीच ठरवून ठेवा. पुरात तुमचंही घर पाण्यात असणार आहे, हे विसरू नका. तुमची कागदपत्रं, तुमच्या सासूबाईंच्या गोळ्या आधी हलल्या पाहिजेत. स्वतःचं घर वाऱ्यावर सोडून दुसऱ्याचं बघणाऱ्या बाईचं गावात कौतुक होतं, पण ती दुसऱ्या दिवशी कुणाच्याच कामाची राहत नाही.

राहता राहिले आजोबा.

तुम्ही लिहिलंय, की ते तुम्हाला काही बोलत नाहीत, उलट ‘माझाच पाय घसरला’ म्हणतात, आणि म्हणूनच तुम्हाला त्यांच्या दारावरून जाववत नाही. त्यांच्याकडची पिग्मीसुद्धा तुम्ही दुसऱ्या एजंटाला दिलीत. पाऊस लागला की रात्ररात्र झोप येत नाही. ताई, तुम्ही घाबरला होतात. 2019 बघितलेली बाई 2021ला पाणी चढताना घाबरणारच. भीतीनं माणूस पहिल्यांदा आपल्या माणसांना सावध करतो, आणि तो मेसेज लिहिणाऱ्याला हे बरोबर ठाऊक असतं. आपत्तीबद्दल खोटी भीती पसरवली तर आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 54 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, पण तुम्ही घबराट जाणूनबुजून उठवली नव्हती. तुमची चूक झाली. ती लहान नव्हती, कारण एक माणूस लंगडतोय. पण होडीत बसून जीव धोक्यात घातल्यानं ती फिटेल, हा हिशेब तुमचा तुम्हीच मांडलाय. आजोबांनी असं काही मागितलेलं नाही.

त्या चुकीतून तुमच्या गल्लीला एक गोष्ट मात्र मिळू शकते. खोटा मेसेज कसा पसरतो हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? ग्रुपवर सांगून टाका, की पाण्याविषयीचा मेसेज आला तर पुढे पाठवायच्या आधी मला विचारा. मग 1077ला, म्हणजे जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला, फोन करा आणि उत्तर वेळेसकट लिहा: ‘दुपारी 3 वाजता, आयर्विन 38 फूट, कोयनेतून विसर्ग इतके क्युसेक.’ कोयनेतून सोडलेलं पाणी कऱ्हाडवरून तुमच्यापर्यंत दोन तासांत पोचत नाही. एवढी एक गोष्ट गल्लीतल्या दहा माणसांना पाठ असती, तर त्या दिवशी कुणी जिना पळत उतरलं नसतं. तुमच्या गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा सुरू असेल, तर एका फोनवर सगळ्या गावाला निरोप जातो. नसेल तर ती का नाही, हेही ग्रामसभेत विचारा.

झोपेचं मात्र असं अंगावर काढू नका. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. एकदा बोलून बघा. महापूर बघितलेल्या कितीतरी जणांची पावसाळ्यात झोप उडते. बायका ते ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात.

आणि येत्या रविवारी वही घेऊन पहिल्यांदा आजोबांच्या घरी जा. माफी मागायची असेल तर मागा, नसेल जमत तर राहू द्या. खुब्याचं हाड मोडलेलं माणूस स्वतःच्या पायानं बाहेर पडू शकणार नाही, म्हणजे तुमच्या वहीत पहिलं नाव तसंही त्यांचंच येतं. त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी मागून घ्या, मुलाचा नंबर घ्या, जिना किती पायऱ्यांचा आहे ते मोजा, आणि त्यांना खुर्चीसकट खाली आणायला किती माणसं लागतील ते त्यांनाच विचारा. वयस्कर माणसांनी भिंतीवरच्या किती खुणा बघितलेल्या असतात. पहिला रकाना भरायलाही त्यांचीच मदत होईल.

वही पेन्सिलीनं लिहा. दर महिन्याला खोडावं लागतं.

तुमची,
ताई-माई सदरातली माई